‘प्लमेट’चा वाक्यात उपयोग

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, अजून जिवंत आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गेल्या मे महिन्यात मी त्यांना जवळजवळ पोचवलंच होतं!

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. शाळा सुटली तरी खोड सुटत नाही, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग टाकतो. (कोणी वाचत नाही. विद्यार्थीही वाचत नसत.) त्या दिवशीचा शब्द होता ‘प्लमेट’, म्हणजे एकदम खाली कोसळणे. वाक्य मी इंग्रजीत असं केलं, की आज सकाळी वडिलांची तब्येत एकदम प्लमेट झाली. मग मोबाइल चार्जिंगला लावून माडांना पाणी लावायला गेलो. शब्द आणि अर्थ कोणीच पाहिला नाही. वाक्य मात्र साऱ्या गोतावळ्याने वाचलं!

दुपारी चिपळूणची आत्या रिक्षातून उतरली ती गळा काढतच.

“दादाऽऽ! मला न भेटता गेलास रे!”

“कुठे गेलो? इथेच आहे,” ओटीवरून आप्पा म्हणाले. “पेज घेतेस?”

आत्या मटकन खालीच बसली! मी खुलासा करणार, तोच मागीलदारातून शेजारचा शांताराम ओटीवर हजर. माझ्या मुंबईच्या पुतण्याने त्याला ‘तयारीला लागा’ म्हणून फोन केला होता. आमच्याकडे माणूस गेलं की वाडी आधी चितेच्या लाकडाला लागते, आणि लाकूड आंब्याचं.

“मास्तर, कोपऱ्यातला रायवळ धरलाय. पोरांनी घाव घालूक सुरवात केली... अरे देवा! आप्पा, तुम्ही अजून हितंच?”

आप्पांच्या हातातली पेज सांडली. तो आंबा त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला!

“मी मेलो तरी चालेल, पण माझा आंबा मरता कामा नये! पळ, गाढवा!”

मी पळालो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांवर पिकून पडलेले रायवळ आंबे, आणि त्यांवर माझा पाय! वरच्या पायरीवरून मी जो सुटलो तो थेट खालच्या अंगणात. पोरं कुऱ्हाडी टाकून मला उचलायला धावली, म्हणून आंबा वाचला.

रात्रीपर्यंत मुंबईकर मिळेल त्या गाडीने पोचले. आत खाटेवर मी, पाय प्लॅस्टरमध्ये. बाहेर आप्पा प्रत्येकाच्या हातात चहा देऊन सांगत होते,

“मला काही झालं नाही. शब्द कोणाला कळेना, म्हणून मास्तरांनी करून दाखवला!”

इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच माझा एक शब्द अख्ख्या वर्गाला समजला.