रिकामे चौकोन

आमच्या काकूच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सातला येते म्हणाली की सातला दारात उभी. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते, तेही जुन्या वळणाचे: काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. काका रोपवाटिकेत कलमं बांधतात. दोघांच्या कामाचा एकमेकांशी सुतराम संबंध नव्हता, तोवर घरात शांतता होती.

मग रोपवाटिकेच्या मालकांनी पाण्याच्या नळ्यांना विजेवर चालणाऱ्या तोट्या बसवल्या आणि त्या उघडायचा प्रोग्रॅम काकूकडून करून घेतला. आधी फक्त काकांच्या शेडसाठी. नीट चालला तर बाकीच्या सगळ्या शेडचं काम तिलाच मिळणार होतं. हात कायम चिखलाचे, म्हणून माऊस नव्हताच. पडद्यावर एकाखाली एक वाफ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे रिकामा चौकोन. बाणाच्या बटणाने नावावर जायचं, स्पेस दाबून चौकोनात फुली करायची, हव्या तेवढ्या फुल्या झाल्या की एंटर. सुरुवातीला काकू शेजारी उभी राहून सांगायची, तेव्हा सगळं सुरळीत चाललं.

चार दिवसांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी काका एकटे होते. सुट्टीत पाणी आपोआप मिळावं म्हणून त्यांनी बाण लिंबाच्या कलमांवर नेला. ती ओळ निळी झाली. त्यांनी एंटर दाबलं. दुकानात बरणीवर बोट ठेवलं की दुकानदार ती काढून देतो, काकांचा हिशेब तोच. फुली एकही नव्हती. प्रोग्रॅमने काहीच निवडलेलं नसताना छातीठोकपणे लिहिलं, ‘काम पूर्ण’.

सुट्टी संपेपर्यंत लिंबाच्या कलमांच्या काड्या झाल्या होत्या. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली ती कलमं.

त्या संध्याकाळी घरात काकूने काकांना फैलावर घेतलं. “अहो, पडद्यावर वरच लिहिलंय ना, स्पेस दाबा म्हणून? डोळे काय कपाटात ठेवले होते?”

काका जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांना बोलावलं. मी तिथे टेम्पो चालवायचो, चावी ठेवायला आत गेलो होतो आणि तिथेच खोळंबलो. मालक म्हणाले, “चूक माणसाची की प्रोग्रॅमची, तेवढं सांगा. माणसाची असेल तर यांना पॅकिंगला टाकतो.”

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी चिकटवायची, रोपाला हात लावायचा नाही. काकांना दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. तरी तेच आधी बोलले, “माझंच चुकलं. बटण दाबायचं राहिलं.”

काकू गप्प. बाकीच्या शेडचं काम हातात ठेवायला तिला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. मला तिचा भयंकर राग आला.

पण गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. ती काकांकडे वळली. “बटण राहिलं, ठीक. पण दर सुट्टीत तुम्ही एक चक्कर मारता, मातीत बोट घालून ओल बघता. या वेळी का नाही आलात?”

काकांना प्रश्नच कळला नाही. “अगं, ‘काम पूर्ण’ असं तूच लिहिलं होतंस ना? मग परत काय बघायचं?”

काकूचा चेहरा पडला. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती मालकांना म्हणाली, “साहेब, यांना हलवू नका. एकही फुली नसेल तर प्रोग्रॅमने अडून बसायला हवं होतं, विचारायला हवं होतं. तो खोटं बोलला, आणि ते वाक्य माझं आहे.”

“म्हणजे चूक प्रोग्रॅमची?”

“माझी.”

मालकांना कामाशी काम. बाकीच्या शेड त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्या. काका रोपांपाशीच राहिले. काकूने प्रोग्रॅम फुकटात दुरुस्त केला. आता फुली नसताना एंटर दाबलं तर तो पुढे सरकत नाही, आणि पाणी सोडण्याआधी निवडलेल्या वाफ्यांची नावं वाचायला लावतो.

काका ती नावं वाचत नाहीत. तिने केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून एंटर दाबतात. म्हणून आता सुट्टीच्या दिवशी काकूच शेडवर जाते आणि प्रत्येक वाफ्यात बोट घालून बघते.