थोरल्या मामांची थैली

आमच्या थोरल्या मामांइतकी ठासून थैली भरणारा माणूस रोहिणखेडच काय, अख्ख्या मोताळा तालुक्यात झाला नाही, आणि एसटीच्या कंडक्टरांना विचाराल तर पुन्हा होऊही नये. गावातलं कोणी कोर्टाच्या तारखेला बुलढाण्याला निघालं, की मामा न बोलावता त्याच्या दारात हजर. सुईदोरा, सुंठीचा खडा, सुतळी, मेणबत्ती आणि फिरकीचा तांब्या एवढं तरी दिल्याशिवाय ते कोणाला गावाबाहेर पडू देत नसत. "सांजीले वापस येतो मी," असं मी एकदा म्हणालो, तर डोळे वटारून म्हणाले, "अन् नाही आला तं? मांगशीन कोणाले बे?" त्या दिवशी मी खरंच सांजेला परत आलो, याचा त्यांना थोडा रागच आला.

मग मामीच्या तोंडात कॅन्सर निघाला. दर पंधरा दिवसांनी मलकापूरहून गाडीनं नागपूरला जायचं, चार दिवस राहून केमोचं सलाइन घ्यायचं, असं ठरलं. दवाखान्याच्या वासानं मामांना उंबऱ्यातच भोवळ येई, म्हणून सोबतीला भिंतीला भिंत लागून राहणारा मी. थैली मात्र मामाच भरत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, मामीला आवडणारं सगळं त्यात. "दवाखान्याचं आळणी खाऊन माणूस बिमार पडते," हे त्यांचं ठाम मत.

तोंडभर फोड आलेल्या बाईला ठेचा! तिला पाण्याचा घोटही झोंबायचा. पहिल्याच खेपेला तिनं सगळं वऱ्हांड्यातल्या पेशंटांच्या सोबत्यांना वाटून टाकलं आणि मला म्हणाली, "तुह्या मामाले सांगू नको बापू. त्यायचा जीव थैलीत गुतला हाये." मी कबूल झालो. परतल्यावर मामा रिकामी थैली झटकून गल्लीभर दाखवत, "पाहा, सारं खाल्लं! आता होते बरी." घरी ती काय जेवते हे त्यांना दिसणार कुठून? बायका मागून जेवायच्या. मामी वाळत चालली होती, आणि मामा दर खेपेला दोन भाकरी वाढवत होते.

चौथ्या खेपेला मला ताप भरला आणि मामांनाच जावं लागलं. तिथं काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. परतल्या दिवशी मामा आमच्या चुलीपाशी येऊन बसले आणि माझ्या आईला, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाले, "भाताची पेज कशी करतेत व बाई?" जन्मात कधी चूल न पेटवलेला माणूस तो. हात भाजून घेत, डोळे पुसत त्यांनी पेज केली. जाताना माझ्या अंथरुणाशी थांबले. "मले सांगतलं असतं तं पयल्याच दिवशी केली असती न बे," एवढंच बोलले.

मामीनं ती पेज आठ दिवस वाटी-वाटीनं घेतली. पाचव्या खेपेला जायची वेळच आली नाही.

मामांनी मला कधी दोष दिला नाही. पण मामीला दिलेला शब्द मी पाळला, याचं मला आजही वाईट वाटतं. मी तो मोडला असता, तर निदान दीड महिना तिच्या पोटात काही गेलं असतं.