येडबाला आत कोण घेणार

रायभान जिंतूरच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. शिक्षण सातवी, घरचा धंदा शेळ्यामेंढ्यांचा, आणि वाचनाचं वेड असं की भजी बांधून आलेला कागदही उलगडून वाचणार. जनावरांच्या जखमांना औषध लावून लावून त्याची बोटं कायमची जांभळी झाली होती. त्याने वाचनालयात पुस्तक परत आणलं की ग्रंथपाल आधी पानं तपासायचे. तिथंच आमची ओळख झाली. साल १९८३.

त्या वर्षी आम्हाला एक खूळ लागलं होतं. आम्ही म्हणजे मी, चंद्रभान मास्तर; आमच्याच शाळेत विज्ञान शिकवणारे बन्सीधर सर; आणि झरीचे बागायतदार आबासाहेब. तिघांनी मिळून एक ग्रह रचला. सगळीकडे विषारी हवा, आणि मधोमध काचेच्या घुमटाखाली एक शहर, काचनगर. दोनशे पानी रजिस्टर आणलं. एकाने एक प्रकरण लिहायचं आणि वही पुढच्याला द्यायची. झरीला ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती जायची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात गाड्या थांबल्या की काचनगरातली युद्धंही थांबायची. चौथा भिडू म्हणून रायभानला घेतलं. मीच घेतलं, हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो.

वहीचा एक कायदा होता. आबासाहेबांनी पहिल्याच प्रकरणात स्वतःचा माणूस राजा करून टाकला, म्हणून सरांनी चिडून तो केला. नवं पात्र शहराबाहेर जन्माला घालायचं. त्याला आत घ्यायचं ते दुसऱ्या कुणीतरी, आपल्या प्रकरणात. स्वतःचं पात्र स्वतः आत आणायचं नाही. आम्ही तिघांनी एकमेकांची पात्रं पटापट आत घेतली. तुझं मी घेतो, माझं तू घे, असा सरळ मामला.

रायभानने येडबा निर्माण केला. विषारी वाऱ्यात सहा पायांची जनावरं राखणारा माणूस. हा येडबा घुमटाच्या दाराशी येऊन आत घ्या म्हणायचा. पहिल्या वेळी त्याने रोगावरची मुळी आणली. मग पाण्याचा ठावठिकाणा आणला. मग राजाचं दरीत पडलेलं यान जनावरं जुंपून ओढत आणलं. दर वेळी प्रकरणाच्या शेवटी येडबा दाराशी उभा, आणि वही आमच्या हातात.

आम्ही मुळी घेतली, पाणी घेतलं, यान घेतलं. येडबाला घ्यायचं राहून जायचं. राहून जायचं हे मी उगाच सौम्य लिहितोय. हा आत येऊन करणार काय, राजाशी बोलणार काय, ते आम्हाला सुचत नव्हतं, आणि सुचावं असं वाटतही नव्हतं. हाच मी स्टाफरूममध्ये नामांतराच्या बाजूने टेबलावर मुठी आपटायचो. लाज वाटते आता.

वही माझ्याकडे असली की रायभान शाळेच्या फाटकाशी यायचा. "मास्तर, या बारीला घेतलं का आत?" हसत विचारायचा. मी म्हणायचो, पुढच्या वेळी बघू. अशी तीन वर्षं गेली.

१९८६ च्या उन्हाळ्यात वही माझ्याकडे आली, तेव्हा मला येडबाचा कंटाळा आला होता. याच्यापायी कथा अडलीय, असं माझं मत पडलं. मी एक वादळ आणलं. पहारेकऱ्यांना दाराबाहेर येडबा मेलेला सापडला. दीड ओळ. मग राजकन्येचं लग्न लावलं, सहा पानं.

चार दिवसांनी रायभान वही परत द्यायला आला. त्यात त्याने काही लिहिलं नव्हतं.

"मास्तर, मारायचाच व्हता तर आत नेऊन मारायचा व्हता."

"अरे, गोष्ट आहे ती," मी म्हणालो.

"गोष्टच हाय. म्हनून तर वाटलं, व्हईल."

तो पुन्हा फाटकाशी आला नाही. वर्षभरात वही बंद पडली, त्याची बदली गंगाखेडकडे झाली. मी साधं पत्रसुद्धा टाकलं नाही.

१९९४ च्या जानेवारीत, नामविस्तार झाला त्याच आठवड्यात, रायभान काविळीने गेल्याचं कळलं. मी गंगाखेडजवळ राणीसावरगावला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, भिवराबाईने, मला कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं तशी ती पदर सावरत उठून उभी राहिली.

"म्हंजी येडबाला आत घेतलं ते मास्तर तुमीच?"

तिने पेटीतून घडी घातलेले दोन कागद काढले. अक्षर रायभानचं होतं. खाली सहीच्या जागी, त्याच अक्षरात, माझं नाव होतं. स्वतःच्या माणसाला स्वतः आत न्यायचं नाही, हा आमचा कायदा त्याने एकट्याने शेवटपर्यंत पाळला होता.

"दुखन्यात पडल्यावर बी हेच वाचून दाखवायचे," ती म्हणाली. "म्हनायचे, मास्तर लय मोठ्या मनाचा मानूस हाय. मला काई वाचता येत न्हाई. तुमचंच लिवलेलं हाय, तर तुमीच वाचा की आता."

मी वाचायला लागलो. वादळ आलं. येडबा जनावरांना घेऊन दाराशी पोचला. त्याने हाक मारली. पुढची ओळ मला दिसत होती, पण मी दुसरा कागद वर घेऊन खालचं माझं नाव पुन्हा पाहिलं.

"वाचा ना, मास्तर," भिवराबाई म्हणाली. "आता आत घेत्यात तेला."