जुन्या तांदळाचा भात आणि कुसुमबाई

कुसुमबाईंची आणि माझी पहिली भेट सिंदेवाहीला, मुलांच्या तपासणी शिबिरात झाली. माझी रेवती तेव्हा चार वर्षांची होती. ती बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, पंख्याखाली उभी राहून तासन् तास हात हलवायची. तिला स्वमग्नता आहे, एवढं नागपूरला कळलं होतं. पुढे कुणी 'औषधानं शंभर टक्के बरी होईल' म्हणालं, कुणी 'आशा सोडा' म्हणालं. बाई मुलांना वाचा-उपचार देत, म्हणजे बोलायला किंवा चित्रं-खुणांनी सांगायला शिकवत. त्या सतरंजीवर रेवतीच्या शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, ही बोलेल का?"

"मले मालूम नाई," त्या म्हणाल्या. "पन तिले काय सांगाचं आहे, ते आपन दोघी शिकू."

मला राग आला. एवढी पायपीट करून हेच ऐकायचं होतं का? तरी पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्याकडे गेले.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या कामावर जाणकार लिहितीलच. मी शाळेत शिकवते आणि रेवतीची आई आहे, तेवढ्याच अधिकारानं लिहिते आहे. स्वमग्न मूल बरं करायचं की आहे तसं सांभाळत, शिकवत न्यायचं, हा वाद आमच्या पालकसभेत दर वेळी पेटतो. एकदा गोंडपिपरीकडचे एक वडील उभे राहिले. "बाई, आमी मेल्यावर ह्याले कोन पाहीन? तुमी दुरुस्त कराचं सोडून चित्रं दाखवून राह्यल्या!"

बाई तशा तापट. पण त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही. "भाऊ, झटके आले, झोप नाई लागली, तं मी सोताच त्याले डॉक्टरकडे धाडते. पन पोरगा म्हंजे बिमारी नोहे. तुमच्या मागं त्याले आंघोळ, जेवन, रस्ता आला पाह्यजे का नाई? ते आधी शिकवू. बोलला तं सोन्याहून पिवळं."

त्या वडिलांना पटलं, असं मी म्हणणार नाही. मुलाला घेऊन मात्र ते येत राहिले.

वेळ पाळणं बाईंना कधी जमलं नाही. जिवतीच्या डोंगरात एखाद्या घरी चहापुरत्या शिरल्या, तरी आजोबांपासून धाकट्या काकूपर्यंत सगळ्यांना मुलाला शिकवायच्या कामाला लावूनच त्या निघत. इकडे सभेत आम्ही ताटकळत बसलेलो. त्यावरून आम्ही त्यांना पुष्कळ चिडवलं आहे.

माझ्या मनाचं मात्र वेगळंच चाललं होतं. रेवतीच्या तोंडून 'आई' ऐकेपर्यंत नव्या धानाचा भात खाणार नाही, असा नवस मी बोलले होते. दिवाळीच्या सुमारास घरोघर नवं शिजतं, तेव्हा माझ्यासाठी वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, जुना तांदूळ चढतो. बाईंना हे कळलं तेव्हा आता बोलणी बसणार, असंच मला वाटलं. त्या जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, "मले बी जुनाच वाढ."

"बाई, तुमचा तर नवसावर विश्वास नाही."

"नाई ना. पन तू एकटीच येगळी जेवून राह्यली, ते मले पाहावत नाई."

तेवढ्यात रेवतीनं माझं मनगट धरून माझा हात भाताच्या गंजावर नेला. तिला आणखी हवा होता. "हे बोलनंच आहे, सुनंदा," बाई म्हणाल्या. "वाढ तिले." तेव्हापासून दर वर्षी नव्याच्या दिवसांत बाई आमच्याकडे येतात आणि माझ्यासोबत जुना भात खातात.

आज रेवती आपली आपण आंघोळ करते. चित्राचं कार्ड दाखवून दुकानातून बिस्किटं आणते, आवडलं नाही तर ताट सरकवून देते. ती अजून बोललेली नाही. सभेत मी बाईंच्या बाजूनं भांडते, पण घरी ती झोपली की तिच्या ओठांकडे बघत बसते. हे मी एकदा बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे ना आस. सोड म्हून कोनी म्हटलं? फक्त पोरीच्या डोक्यावर नको ठेवू तिचं ओझं."

आस आहे, बाई. ती माझ्याच डोक्यावर आहे.

तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं मी स्वार्थानं मागते आहे. तुमच्या-माझ्या वयाचा हिशोब मला कळतो, पण मागताना तो कोण पाहतं? रेवतीनं कधी 'आई' अशी हाक मारली आणि तेव्हा मी नसले, तर बाई, तुम्ही ओ द्या.