लाल बगळीची नोंद
दुर्बिणीचं चामडी घर उघडलं की अजूनही ओल्या चिखलाचा वास येतो, आणि कलकत्त्याच्या पूर्वेची ती पाणथळ आठवते. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी ह्यांची तिकडे बदली झाली होती, आमचं लग्न नवं होतं, आणि हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही होडीतून पक्षी पाहत हिंडायचो. ह्यांचा नियम कडक होता. दोघांनी पाहिलेलाच पक्षी वहीत लिहायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. त्या सकाळी धुक्यात नावाडी वल्हं उचलून गप्प बसला होता. एकदम हे कुजबुजले, "ती बघ, लाल बगळी! दिसली?" मला नुसती लव्हाळी हलताना दिसली. पण तिच्यासाठी तीन रविवार हे थंडीत कुडकुडले होते. "दिसली की," मी म्हणाले. "कुठे गेली?" ह्यांनी विचारलं. "उडाली." हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी वही पुढे केली आणि मी सही केली. घरून नेलेल्या दशम्या आम्ही काठावर बसून खाल्ल्या. पुढे तो विषय कधी निघाला नाही. हे गेल्यानंतर परवा मी ती वही चाळली. त्या नोंदीशेजारी ह्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उडाली नाही, लव्हाळ्यात शिरली." माझी सही मात्र खोडलेली नव्हती.