बंदुकीचा परवाना आणि गावाला गेलेली मंडळी

“घरांत सध्या मी एकटाच. मंडळी गांवाला गेली आहे,” श्रीनिवास राव म्हणाले, आणि तेवढ्यात आतून एक बाई कॉफीचे दोन टंबलर घेऊन आल्या.

साठीच्या आसपासच्या. सुती साडी, केसांत मल्लीचा गजरा. एक टंबलर त्यांनी माझ्यापुढे ठेवला, एक रावांपुढे. राव खुर्चीतून किंचित उठल्यासारखे झाले. “तुम्हीं कशास कष्ट घेतलांत?” ते म्हणाले. बाई आत गेल्या. मला वाटलं, वहिनी असतील, नाहीतर मेहुणी.

मी तेव्हा तंजावूरला तहसीलदार होते. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज कलेक्टर ऑफिसात येतो. तिथून पोलीस बघतात, माणसावर केस आहे का. आम्ही रेव्हेन्यूवाले घरी जातो, शेतावर जातो. बंदूक हवी कशाला, ठेवणार कुठे, घरात कोण कोण, हे विचारतो. दोन्ही रिपोर्ट गेले की कलेक्टर ठरवतात.

रावांना नवी बंदूक घ्यायची नव्हती. वडिलांची जुनी एकनळी होती. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती बंदुकांच्या दुकानात जमा होती. वारसाच्या नावावर परवाना झाला की दुकानदार ती त्याच्या हातात देतो. अर्जात कारण होतं तिरुवैयारुजवळच्या शेतातली रानडुकरं. पोलिसांचा रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं, शरीराने आणि मनाने ठीक. शिवाय राव निवृत्त प्रिन्सिपॉल. माझे वरिष्ठ, आरडीओ म्हणजे प्रांत साहेब, त्यांचेच विद्यार्थी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राव राहायचे, तिथे अजून घराघरात मराठी बोलतात. माझंही घर तसंच, त्यामुळे आमचं बोलणं आपोआप मराठीत सुरू झालं होतं.

खटकणारी गोष्ट एकच होती. शेत बरीच वर्षं कुळाकडे होतं, आणि डुकरांची तक्रार त्या कुळाने कधी केली नव्हती.

“सर, बंदूक शेतावर ठेवणार का?”

“नाहीं. इथें, घरांत.”

“डुकरं शेतात आणि बंदूक घरात?”

ते हसले. “आधीं घर राखायाचें, मॅडम. मग शेत.”

भिंतीवर एक फोटो होता. साठीशांतीचा. गळ्यात हार घालून राव बसलेले, शेजारी त्यांच्या पत्नी. मी पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. आत्ता कॉफी देऊन गेल्या त्याच बाई होत्या.

“सर, ह्या तुमच्या मिसेस?”

“होय. कमला.”

“मग आत्ता कॉफी घेऊन आल्या त्या?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खुर्ची जवळ ओढली. स्वैपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली.

“तुम्हांसही फसवलें ना?” ते हळूच म्हणाले. “मलाही आधीं कळलें नाहीं. गालावरचा तीळसुद्धां जिथल्या तिथें. चालणें तेंच, खोकणें तेंच. फार मेहनत घेतली आहे.”

“कोणी?”

“तें कळत नाहीं.”

नळाला एक दिवसाआड पाणी येतं, हे सांगावं तशा आवाजात ते बोलत होते. भर दुपार होती. बाहेर मोरावळ्यासारखं पिवळं ऊन पडलं होतं, आणि माझ्या दंडावर काटा आला होता.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. स्क्रीनकडे बघताच त्यांचा चेहरा उजळला. “कमला! जेवलीस कीं?” असं म्हणत ते ओटीवर गेले.

मी रिकामा टंबलर उचलला आणि आत गेले. मला त्या बाईंना बघायचं होतं. स्वैपाकघरात कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. परसात विहिरीच्या कठड्याला टेकून त्या उभ्या होत्या. कानाला फोन.

“जेवलें. तुम्हीं?” त्या म्हणत होत्या.

मला बघून त्यांनी हात वर केला. थांबा, बोलू नका. मी दारातच थांबले. रावांचा आवाज आधी घरातून माझ्या मागून यायचा, आणि मग तोच, बारीक होऊन, त्यांच्या फोनमधून.

“ती अजून इथेंच आहे,” राव सांगत होते. “तूं भिऊं नकोस. आप्पांची बंदूक आतां सुटेल. ऑफिसांतून मॅडमही आलीं आहेत. मग हें घर मोकळें. मग तूं येऊन टाक.”

कमलाबाईंनी डोळे मिटले. फोन पडेल असं वाटलं. पण आवाज हलला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या. “जेवल्यावरची गोळी विसरूं नका.”

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “कधीपासून?”

“दिपावळीपासून. आधीं मला बघून दचकायाचे. मग मान द्यायाला लागले. एकदां म्हणाले, तुमच्या घरीं वाट बघत असतील. मला बस स्टँडवर नेऊन बसमध्यें बसवून दिलें. मी पुढच्या स्टॉपला उतरून परत आलें. दार उघडून म्हणाले, ‘परत आलांत?’”

“आणि फोन?”

“बाजारांतून एकदां केला होता, तर रडले. कुठें होतीस म्हणून. तेव्हांपासून रोज करतें. तेवढ्यापुरती मी त्यांची बायको.”

“बंदुकीचं माहीत होतं तुम्हाला?”

“डुकरांसाठीं म्हणून सांगितलें होतें.” त्या विहिरीत बघत होत्या. “आज कळलें.”

मी म्हटलं, तुम्ही हे लिहून द्या. त्या नको म्हणाल्या. साऱ्या गावाने ज्यांना सर म्हटलं, त्यांना वेडे म्हणून कागदावर आणू नका. मुलाला बेंगळूरुला अजून काही सांगितलेलं नाही.

“मग बंदूक देऊ?”

“देऊं नका.”

“कारण काय लिहू?”

 

दुसऱ्या दिवशी मी आरडीओ साहेबांसमोर बसले. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“केस नाही. मेडिकल आहे. तुम्ही काय लिहिणार, फोनवर बायकोशी गोड बोलतात?”

“त्यांना बंदूक कोणावर चालवायचीय ते मी ऐकलंय, सर.”

“ज्याला खरंच मारायचं असतं तो अर्ज करत बसत नाही. गावठी कट्टा आणतो. आपण अडवतो कोणाला? नियमाने येणाऱ्याला. आणि गावठीवाले मोकळे.”

हा युक्तिवाद मी नोकरीभर ऐकलाय. त्यात तथ्य आहे. पण मी म्हटलं, “रावांना गावठी कोण आणून देणार, सर? त्यांच्या हाती येईल अशी ह्या गावात एकच बंदूक आहे. आणि ती देणारे आपण.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही. म्हणूनच मानसोपचार डॉक्टरकडे पाठवू म्हणते.”

“माझ्या प्रिन्सिपॉलना?”

“मग दोघांना इथे बोलवा. तुम्हीच बोला. त्यानंतर सांगाल तसा रिपोर्ट देते.”

ते दोघं सकाळी ऑटोने आले. रावांनी दार धरून कमलाबाईंना आधी आत जाऊ दिलं, पाहुण्यांना देतात तसं. साहेबांनी उठून दोघांना नमस्कार केला. कॉलेजच्या दिवसांत ते रावांच्या घरी जेवलेले होते, कमलाबाईंना अम्मा म्हणायचे. इकडचं तिकडचं बोलणं झालं, तमिळमध्ये. राव मजेत होते. साहेबांना त्यांनी एका जुन्या परीक्षेवरून चिडवलंसुद्धा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, त्याचा अर्थ होता, ह्यांना काय झालंय?

मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, “अम्मांची तब्येत कशी आहे?”

“बरी आहे,” राव म्हणाले. “बहिणीकडे आहे. कुंभकोणमला.”

कमलाबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर.

साहेब हसले. अजूनही थट्टाच वाटली त्यांना. “सर, अम्मा इथेच बसल्यात.”

राव टेबलावर वाकले. आवाज खाली आणला. “तू तिच्या हातचं जेवलायस. तुला तरी कळायला हवं. नीट बघ.”

आणि साहेबांनी बघितलं. मीही बघितलं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणी मी त्यांच्या चेहऱ्यात फरक शोधत होते. सगळी खोली शोधत होती. कमलाबाईंनी मान खाली घातली, आणि मला वाटून गेलं, का घातली? एवढं सोपं असतं ते.

“सर,” साहेबांनी विचारलं, “बंदूक आल्यावर काय करणार?”

“मी मास्तर आहे, खाटीक नाही. आधी समजावून सांगेन. जा म्हणेन.”

“आणि नाही गेल्या तर?”

रावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. “इतकं समजावलं. अजून गेलेली नाही ना,” ते म्हणाले.

 दुसऱ्या मेडिकलचा आदेश साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला नंतर सोप्या शब्दांत सांगितलं. डोळे चेहरा ओळखतात, पण तो चेहरा बघून आपलं माणूस म्हणून आत जे हलतं, ते हलत नाही. मग मन त्याचा अर्थ लावतं, की ही तिच्यासारखी दिसणारी कोणीतरी आहे. आवाज वेगळ्या वाटेने जातो, म्हणून फोनवर काही अडत नाही. अशी माणसं एरवी चांगली बोलतात, हिशेबी वागतात, सही नीट करतात. आणि त्या ‘कोणीतरी’ला धोका असतो, कधीकधी जिवाचा.

अर्ज नामंजूर झाला. कारण म्हणून एवढंच लिहिलं, वैद्यकीय पात्रता सिद्ध झाली नाही. कमलाबाईंनी नको म्हटलेला शब्द कुठेही आला नाही. मुलगा बेंगळूरुहून आला आणि वडिलांजवळ राहिला. वारस म्हणून रावांची संमती घेऊन त्याने बंदूक सरकारजमा केली. रावांनी सही कशी केली विचारलं, तर म्हणाला, अम्मांनी फोनवर सांगितलं म्हणून. औषधंही तशीच सुरू झाली. रावांना उतार पडेपर्यंत कमलाबाई खरोखरच कुंभकोणमला बहिणीकडे राहिल्या. त्या परतल्या तेव्हा रावांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तूंच असशील.” पूर्ण खात्री त्यांना त्यानंतरही रोज नसायची. पण भांडण उरलं नव्हतं.

त्यानंतर आरडीओ साहेबांनी आमच्या ऑफिसापुरती एक पद्धत पाडली. बंदुकीच्या अर्जाची चौकशी असेल तर घरच्या बाईमाणसाशी वेगळं बोलायचं. नवरा ओटीवर, आम्ही परसात. अशी अट कायद्यात कुठे लिहिलेली मला दिसली नाही. एक कंत्राटदार चिडून म्हणाला, “बंदूक मला हवीय, तिला काय विचारायचं?” मी म्हटलं, “बंदूक तिच्याबरोबर राहणार आहे म्हणून.” त्याने अर्ज मागे घेतला. पुढे आणखी काही जणांनी घेतला. डुकरांचा त्रास आपोआप कमी झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

अर्ज मागे घेणाऱ्यांच्या घरांत पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पोलिसांकडे त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर एकही केस नव्हती.