घड्याळजींच्या मोटारीचे बारा वाजले

लेकीचं लग्न विवाह नोंदणी कचेरीत अकराला लागायचं, आणि घड्याळजींच्या मोटारीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. गॅरेजवाला लँडलाइनवर म्हणाला, "चावी काढा, बॅटरीची काळी तार सोडवा, पंधरा मिनिटांनी परत जोडा. कॉम्प्युटर सगळं विसरेल."

पण पंधरा मिनिटं मोजायची कशावर? घरात दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. शेवटी बायकोनं तोंडानं नऊशे आकडे मोजले. तार जोडली, इंजिन सुरू केलं, दिवा गेला. एवढ्यात घड्याळजींची नजर मोटारीतल्या घड्याळावर गेली.

"अगं, बारा वाजले! लग्न चुकलं!"

"अहो, तार सोडवल्यावर तेही सगळं विसरून बारावर आलंय! जन्मभर घड्याळं उघडलीत ना? हाका आता, नाहीतर लेक तुमचे बारा वाजवेल."